प्रश्न उद्भवत नाही!

उत्तरपत्रिका तपासणे हा ज्यांच्या पोटापाण्याचा भाग आहे, त्यांना हळूहळू एक खोड जडते. समोर कोणतेही उत्तर आले, की ते आधी प्रश्नाशी ताडून पाहायचे. विचारले होते काय आणि लिहिले आहे काय? 'विवेकसिंधू'तील विचार थोडक्यात सांगा असे विचारले, तर आमच्या अंबाजोगाईचा विद्यार्थी मुकुंदराजांच्या समाधीचे, तिच्या खालच्या दरीचे आणि पावसाळ्यातल्या हिरवाईचे असे काही बहारदार वर्णन करतो, की दोन पाने भरली तरी विचारांचा पत्ता नसतो. वर्णन चुकीचे असते असे नाही. ते फक्त विचारलेले नसते.

या खोडीपायीच गेली काही वर्षे मला एका निराळ्या गठ्ठ्याचा नाद लागला आहे. हा गठ्ठा आहे मंत्रिमहोदयांच्या लेखी उत्तरांचा. वाचक म्हणतील, दिवाळीच्या फराळाच्या ताटात हे कडू कारले कशाला? पण एकदा चाखून पाहाच. संसदेचे अधिवेशन भरले, की वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोचतो तो गोंधळ, घोषणा आणि सभात्याग. त्याच दिवशी त्याच सभागृहात शेकडो प्रश्नांची लेखी उत्तरे मुकाट्याने पटलावर ठेवली जातात. त्यांत कोणाच्या गावची रेल्वे असते, कोणाचे निवृत्तिवेतन असते, कोणाच्या पोराचे शिष्यवृत्तीचे पैसे असतात. गोंधळ संध्याकाळपर्यंत विरतो. लेखी उत्तर मात्र मंत्र्यांच्या नावाने कायमचे छापले जाते.

तारा असलेला आणि तारा नसलेला

आधी थोडी ओळख करून घेऊ. लोकसभेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत मुख्य जाती दोन. ज्याला तोंडी उत्तर हवे, त्या प्रश्नावर सभासद एक तारांकन करतो, म्हणजे फुली-चांदणीची खूण घालतो. म्हणून तो तारांकित. ज्याला लेखी उत्तर चालेल तो अतारांकित. एका दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न वीस आणि अतारांकित दोनशे तीस, असा दंडक आहे. राज्यसभेत हेच आकडे पंधरा आणि एकशे साठ. लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास सकाळी अकराला सुरू होतो. राज्यसभेने तो २०१४ सालच्या अखेरीस दुपारी बारा वाजता नेला.

तारांकित प्रश्नाची मौज त्याच्या पुरवणी प्रश्नांत असते. मंत्र्यांनी उत्तर दिले, की सभासद उठून 'पण मग असे का?' असे विचारू शकतो, आणि मग मंत्र्यांचा अभ्यास किती खोल आहे ते साऱ्या सभागृहाला दिसते. अतारांकित प्रश्नाला ही सोय नाही. उत्तर आले, पटलावर पडले, संपले. म्हणून पुष्कळांना वाटते, की लेखी उत्तर म्हणजे दुय्यम प्रकार. मला तसे वाटत नाही. एक तर तासाभरात वीसपैकी थोडेच तारांकित प्रश्न पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरेही शेवटी लेखीच समजली जातात. दुसरे असे, की तोंडी उत्तरात आवाज, हसू, टाळ्या यांचा आधार घेता येतो. कागदावर फक्त वाक्य उरते. आणि वाक्य हे आमचे मराठीच्या मास्तरांचे क्षेत्र!

दुकानदारांचा पहिला प्रश्न

राज्यकर्त्याला सभागृहात उभे करून प्रश्न विचारण्याची रीत इंग्लंडातली. तिथे नोंदलेला पहिला प्रश्न १७२१ सालचा आहे. 'साउथ सी' कंपनीचा फुगा फुटला होता, तिचा खजिनदार देश सोडून पळाला होता, आणि तो परदेशात पकडला गेला ही गोष्ट खरी काय, असे लॉर्ड कूपर यांनी उमरावांच्या सभागृहात विचारले. तीनशे वर्षांपूर्वीचा पहिलाच प्रश्न पैसे बुडवून पळालेल्या माणसाविषयी होता, हे वाचून आजच्या वाचकाला फारसे परके वाटणार नाही.

आपल्याकडे हा हक्क १८९२ च्या कायद्याने आला, तोही पुरवणी प्रश्नाशिवाय. पुरवणी प्रश्नाची मुभा मूळ प्रश्नकर्त्याला १९०९ च्या कायद्याने मिळाली आणि इतर सभासदांना १९१९ च्या. हिंदुस्थानच्या कायदे कौन्सिलात पहिला प्रश्न विचारला गेला तो १६ फेब्रुवारी १८९३ रोजी. विचारणारे होते अयोध्या प्रांतातील भिनगा येथील राजे, आणि विषय होता गावोगावच्या दुकानदारांचा. सरकारी अधिकारी फिरतीवर येत, त्यांच्या तळाला शिधासामग्री पुरवताना या दुकानदारांचे जे हाल होत, त्याबद्दल हा प्रश्न होता. विचारणारा राजा, पण प्रश्न किराणा दुकानदाराचा! आपल्या देशातील प्रश्नोत्तरांची परंपरा इतक्या साध्या आणि इतक्या योग्य ठिकाणी सुरू झाली, ही गोष्ट मला नेहमी सुखावते.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना तर या हक्काचे मोल जास्तच वाटावे. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होते आणि निजामाच्या मुलखात होते. ब्रिटिश हद्दीतील सभासद कौन्सिलात प्रश्न विचारत होते, त्या काळात इथे साधी जाहीर सभा भरवायची तरी 'गश्ती निशाण ५३' नावाच्या हुकुमाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. प्रश्न विचारायला सभागृह तर नव्हतेच, चौकही नव्हता. ज्यांनी या गावच्या शाळेत शिकवले आणि पुढे हैदराबादच्या मुक्तीचा लढा चालवला, ते स्वामी रामानंद तीर्थ १९५२ साली लोकसभेचे सभासद झाले. चार वर्षांपूर्वीपर्यंत ज्या मुलखात परवानगीवाचून बोलता येत नव्हते, तिथला संन्यासी दिल्लीच्या सभागृहात मंत्र्यांना जाब विचारण्याच्या हक्काने बसला. आमच्या मुलखाचा केवढा प्रवास त्या एका बाकापाशी येऊन पोचला होता!

उत्तर शिजते कसे

सभासदाने प्रश्न द्यायचा तो किमान पंधरा पूर्ण दिवस आधी. प्रश्न शक्यतो दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यात वाद घालायचा नाही, टोमणा मारायचा नाही, विशेषणे लावायची नाहीत, कोणावर आळ घ्यायचा नाही. 'सरकारचे मत काय?' असे विचारायचे नाही आणि 'समजा असे झाले तर?' असेही नाही. ज्याची जबाबदारी मुळात केंद्र सरकारची नाही, ते विचारायचे नाही. आधी उत्तर दिलेलेच पुन्हा विचारायचे नाही. मंत्रालयांचे वार ठरलेले असतात, आणि प्रश्नांचा क्रम सोडतीने लागतो. इतक्या चाळण्यांतून जो प्रश्न खाली पडतो, तो यादीत छापला जातो.

मग तो मंत्रालयाच्या संसद कक्षात येतो आणि तिथून संबंधित शाखेत. तिथला कारकून जुन्या फायली काढतो. माहिती राज्यांकडून यायची असेल, तर राज्यांना पत्रे, तारेच्या जागी आता ईमेल, आणि त्यावर दूरध्वनी. पहिला मसुदा शाखाधिकारी करतो. तो अवर सचिव, उपसचिव, सहसचिव अशा पायऱ्या चढत सचिवांपर्यंत आणि शेवटी मंत्र्यांपर्यंत जातो. प्रत्येक पायरीवर मसुद्यातून एखादा शब्द गळतो. 'चूक' जाऊन 'त्रुटी' येते, 'त्रुटी' जाऊन 'काही अडचणी' येतात, आणि पुढच्या टेबलावर अडचणीही दूर होतात, म्हणजे कागदावरून. कोणी खोटे लिहीत नाही. खोटे लिहिणे धोक्याचे असते. सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली तर हक्कभंग होतो, आणि अनवधानाने चूक झाली तर मंत्र्यांना ती पुन्हा सभागृहात येऊन दुरुस्त करावी लागते. मंत्र्यांच्या निवेदनातील चूक दाखवून देण्यासाठी सभासदाला अध्यक्षांच्या ११५ क्रमांकाच्या निर्देशाचा आधार आहे. तेव्हा मसुदा करणाऱ्याचे सारे कौशल्य खरे तेवढेच, पण लागेल तेवढेच सांगण्यात असते.

उत्तरांचे व्याकरण

संसदेची उत्तरे हिंदी-इंग्रजीत येतात. पण आपल्या विधिमंडळातील प्रश्नोत्तरे मराठीतच असतात, आणि त्यांची ठेवण पाहिली की दिल्लीची रीतही कळते. प्रश्नाचा साचा असा: 'अमुक गावी अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले? त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' त्याखाली उत्तरांची एक ठरावीक मालिका येते. तिच्यातले काही मासले मी विद्यार्थ्यांना अभ्यासायला देण्याच्या योग्यतेचे मानतो.

पहिला मासला: 'हे खरे नाही.' वाचायला सडेतोड. पण प्रश्नात 'गावातील सर्व विहिरी आटल्या हे खरे आहे काय?' असे असेल आणि गावात एका विहिरीत बादलीभर पाणी असेल, तर 'हे खरे नाही' हे उत्तर अक्षरशः बिनचूक ठरते. इथे मंत्र्यांनी फसवले नाही. 'सर्व' या एका शब्दाने प्रश्नकर्त्याला फसवले.

दुसरा मासला: 'अंशतः खरे आहे.' या अंशात केवढे विश्व मावते! कोणता अंश खरा, हे पुढे सांगितले असेल तर उत्तर प्रामाणिक. सांगितले नसेल तर समजावे, की नको असलेला अंशच खरा आहे.

तिसरा: 'माहिती गोळा करण्यात येत आहे.' इथे व्याकरण पाहा. कोण गोळा करतो आहे? कधीपासून? वाक्यात कर्ताच नाही. 'मी माहिती गोळा करतो' म्हटले की मी अडकलो. 'माहिती गोळा करण्यात येत आहे' म्हटले की कोणीच अडकत नाही, माहिती जणू पावसाच्या पाण्यासारखी आपोआप खड्ड्यात जमते आहे. कर्त्याला वाक्यातून इतक्या अदबीने बाहेर काढण्याची कला जितकी सरकारी मराठीने साधली आहे, तितकी कोणत्याही कादंबरीकाराला साधलेली नाही.

चौथा: 'बाब विचाराधीन आहे.' विचार ही दीर्घ पल्ल्याची क्रिया आहे, आणि ती कधी पूर्ण होईल याला व्याकरणात उत्तर नाही.

आणि शेवटचा, सगळ्यांचा मुकुटमणी: 'प्रश्न उद्भवत नाही.' पहिल्या भागाला 'नाही' म्हटले, की दुसऱ्या-तिसऱ्या भागाला हे उत्तर बसते. चौकशी झाली का? नाही. दोषी कोण? प्रश्न उद्भवत नाही. तर्कशास्त्राच्या दृष्टीने याला नाव ठेवायला जागा नाही. पण ज्याची विहीर आटली आहे, त्याच्या हातात हा कागद पडला की त्याला काय वाटत असेल?

एकच काळ, दोन उत्तरे

हे सगळे विनोदाने लिहिले तरी यातला एक प्रसंग असा आहे, की त्यापुढे विनोद सुचत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर आपापल्या कोयत्यांसह परमुलखात होते. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर ते अडकून पडले. राज्य शासनाने एप्रिलमध्ये परतीची परवानगी दिली, तेव्हा कुठे त्यांच्या बैलगाड्या आणि ट्रक घराकडे वळले. देशभरचे मजूर तर रेल्वेच्या रुळांवरून, महामार्गांवरून चालत निघाले होते.

सप्टेंबरात संसद भरली. साथीमुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, तोंडी प्रश्न बंद होते. चालू होते ते फक्त लेखी. १४ सप्टेंबर २०२० रोजी, अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली काय, या प्रश्नाला श्रम मंत्रालयाचे लेखी उत्तर लोकसभेत आले. एक कोटी चार लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले, हा आकडा मंत्रालयाकडे होता. मृत्यूंची मात्र अशी नोंद ठेवलेली नाही, असे उत्तर होते. आणि भरपाईचे काय? नोंदच नसल्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही.

त्याच अधिवेशनात राज्यसभेत रेल्वे मंत्रालयाचेही एक लेखी उत्तर आले. मजुरांसाठी सोडलेल्या श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९ सप्टेंबरपर्यंत ९७ माणसे मरण पावल्याची नोंद आहे, असे त्यात सांगितले होते.

सरकार एक, आठवडा एक. एका उत्तरात नोंद नाही, दुसऱ्यात ९७. दोन्ही उत्तरे मी शेजारीशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा त्यांतला फरक ध्यानात आला. पहिला प्रश्न होता साऱ्या देशातल्या मृत्यूंचा, ज्याची वही कोणा एकाच्या टेबलावर नव्हती. दुसरा होता एका ठरावीक गाडीतल्या, ठरावीक मुदतीतल्या मृत्यूंचा. गाडीत माणूस दगावले की पुढच्या स्थानकावर पोलीस येतात, पंचनामा होतो, कागद तयार होतो. तो कागद ज्याच्याजवळ आहे त्यालाच विचारले, म्हणून आकडा आला. वही का ठेवली नाही, हा दोष पहिल्या उत्तरावरून जात नाही, तो सरकारचाच. पण प्रश्न विचारणाराला यातून एक गोष्ट शिकता येते: वही कोणाजवळ आहे ते आधी शोधा, आणि त्याच्याच दारात जा.

४,६०५

दुसरे उदाहरण आमच्या जिल्ह्याचेच, आणि दिल्लीचे नसून मुंबईच्या विधिमंडळाचे. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये काढून टाकली जातात, ही कुजबूज बीड जिल्ह्यात कित्येक वर्षे होती. फडावर एक खाडा पडला तर मुकादम दंड कापतो, पाळीच्या दिवसांत काम होत नाही, पोटात दुखले तर खासगी दवाखान्यात 'पिशवी काढा' असा सल्ला मिळतो, आणि तिशीही न ओलांडलेली बाई तो मानते. जो तो जाणत होता आणि कोणालाच काही माहीत नव्हते. कारण आकडा नव्हता.

२०१९ साली वृत्तपत्रांनी हा विषय उघडा केला. त्या वर्षीच्या जून महिन्यात विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी शासनाला विचारले, आणि तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या उत्तरातून पहिल्यांदा सरकारी आकडा बाहेर आला: बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली.

या आकड्याने सगळे सुधारले असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. आमच्या भागातून दसरा-दिवाळीला टोळ्या अजूनही निघतात, आणि आपण घरी पणत्या लावत असतो तेव्हा त्या फडावर पाचटाच्या खोप्या उभारत असतात. पण उत्तरानंतर एक गोष्ट बदलली. आधी 'असे काही होते म्हणे' असे बोलले जात होते, ते नंतर 'शासनाने सभागृहात सांगितले आहे' असे झाले. ज्या गोष्टीला शासनाने एकदा आकडा दिला, ती गोष्ट नाही म्हणता येत नाही. पुढची समिती, पुढचे नियम, पुढची भांडणे सारी त्या आकड्याच्या ओट्यावर उभी राहतात.

उत्तराने मंत्री गेले

लेखी किंवा तोंडी, नीट धरून ठेवलेले उत्तर किती जड होऊ शकते याचे जुने उदाहरण १९५७ चे आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले होते. लोकसभेत प्रश्न निघाले. अर्थ मंत्रालयाच्या उत्तरांनी फिरोज गांधींसारख्या सभासदांचे समाधान झाले नाही. सत्तारूढ पक्षाचेच सभासद, पण त्यांनी उत्तरातला प्रत्येक शब्द कागदपत्रांशी ताडून पाहिला आणि १६ डिसेंबर १९५७ रोजी सभागृहात प्रकरण मांडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा आयोग बसला, मुंबईत उघड सुनावणी झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

प्रश्नाला किंमत आहे हे ओळखणारे दुसऱ्या प्रकारचे लोकही निघाले. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांना संसदेतून काढून टाकण्यात आले. निरुपयोगी वस्तू कोणी विकत घेत नाही, एवढा बोध त्यातूनही होतो!

दिलेला शब्द मोजणारी समिती

'माहिती गोळा करून पटलावर ठेवण्यात येईल' हे वाक्य वाचून पुष्कळजण हताश होतात. त्यांनी होऊ नये. कारण हे वाक्य म्हणजे शासनाचे आश्वासन समजले जाते, आणि आश्वासने मोजणारी एक समिती आहे. मावळंकर लोकसभेचे अध्यक्ष असताना, १९५३ च्या डिसेंबरात, ती प्रथम नेमली गेली. कोणकोणते शब्दप्रयोग आश्वासन ठरतात त्यांची यादीच तयार आहे: 'विचाराधीन आहे', 'मी लक्ष घालीन', 'चौकशी चालू आहे' वगैरे. असा शब्द उत्तरात आला, की त्याची नोंद होते आणि तीन महिन्यांत तो पुरा करावा अशी अपेक्षा असते. मुदत वाढवून मागता येते आणि ती वाढते, कधी वर्षानुवर्षे. पण खाते बंद होत नाही. या आश्वासनांचा पाठपुरावा सरकारच्या बाजूने संसदीय कामकाज मंत्रालय करते. आमच्या गावात लहानाचे मोठे झालेले प्रमोद महाजन वाजपेयींच्या मंत्रिमंडळात या खात्याचे मंत्री होते, ही जाता जाता आठवण.

म्हणजे पाहा, मी ज्यांची थट्टा केली तीच कर्ता नसलेली वाक्ये या समितीपुढे गेली की त्यांना कर्ता चिकटवला जातो: अमुक मंत्रालय, अमुक तारीख, अमुक प्रश्न क्रमांक.

रुळांची भाषा

या साऱ्याचा आमच्या नित्याच्या आयुष्याशी संबंध काय, हे पाहायचे तर अहमदनगर-बीड-परळी रेल्वे पाहावी. २६१ किलोमीटरचा हा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. निम्मा खर्च राज्याने उचलायचे ठरले. त्यानंतर या मार्गाची सरकारी उत्तरे वाचत इथली एक पिढी शाळेतून पेन्शनीपर्यंत पोचली. अंबाजोगाईच्या माणसाला आजही गाडी धरायला परळी नाहीतर घाटनांदूर गाठावे लागते, म्हणून ही उत्तरे आम्ही जरा जास्तच आवडीने वाचतो.

नव्या मार्गांविषयीच्या रेल्वेच्या उत्तरांत दोन वाक्ये हमखास भेटतात. एक: रेल्वेचे प्रकल्प राज्यवार किंवा जिल्हावार नसतात, ते रेल्वेच्या विभागवार असतात, कारण ते राज्यांच्या सीमा ओलांडतात. दुसरे: प्रकल्प कधी पुरा होईल हे राज्याने जमीन किती लवकर मिळवून दिली, वनखात्याची परवानगी, आड येणाऱ्या तारा-नळ हलवणे आणि हवामानामुळे वर्षात कामाला मिळणारे महिने यांवर अवलंबून असते. 'रेल्वे कधी येणार?' एवढेच विचारले, की हे दुसरे वाक्य ठेवलेलेच. पण 'गेल्या तीन वर्षांत वर्षवार तरतूद किती, खर्च किती, किती हेक्टर जमीन ताब्यात यायची आहे, राज्याचा हिस्सा किती येणे आहे?' असे विचारले, की आकडे द्यावे लागतात. हे आकडे वर्षावर्षाला शेजारी ठेवले, की गाडी कुठे अडली ते कळते: दिल्लीत, मुंबईत की बांधावर.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी या मार्गावरची गाडी आष्टीपर्यंत आली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, ती बीडला पोचली. बीडपासून परळीपर्यंतचा टप्पा त्या दिवशीही बाकी होता. केवळ प्रश्नांनी रूळ पडत नाहीत, त्याला पैसा, जमीन आणि चळवळ लागते, हे खरे. पण या सगळ्या वर्षांत 'प्रकल्प सोडून दिला' असे कोणाला लिहिता आले नाही, याला ते वारंवारचे प्रश्नही कारण आहेत असे मी मानतो.

घरोघरचा गृहपाठ

शेवटी एक काम आपल्याकडे उरते. खासदार प्रश्न विचारतो, पण प्रश्न त्याला सुचतो कोठून? पुष्कळदा तो आपल्यासारख्याच कोणाच्या तरी पत्रातून सुचतो. आपण मात्र खासदाराला भेटतो तेव्हा गाऱ्हाणे देतो, प्रश्न देत नाही. 'अंबाजोगाई जिल्हा कधी होणार?' हे आमचे जुने गाऱ्हाणे. ते लोकसभेत विचारायला सांगितले तर दारातूनच परत येईल, कारण जिल्हे करणे हे राज्याचे काम. तेच विधानसभेत नेले, आणि 'होणार काय?' न विचारता 'या मागणीवर कोणत्या तारखेला कोणता अहवाल आला आणि त्यावर काय निर्णय झाला?' असे विचारले, तर निदान एखादी तारीख तरी हाती लागेल.

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. योग्य दार निवडावे. 'सर्व', 'कायम', 'मुळीच' असले शब्द गाळावेत. मत न विचारता तारीख, आकडा आणि हुद्दा विचारावा. आणि उत्तर आले, की ते जपून ठेवावे. हल्ली ही उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. सुट्टीत आलेल्या कॉलेजच्या मुलांना आपल्या जिल्ह्याच्या नावाची दहा उत्तरे काढून वाचायला सांगा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून जे कळत नाही ते त्यांना तासाभरात कळेल, आणि मराठी वाक्यातला कर्ता कुठे लपतो हेही!

मसुदा करणाऱ्या त्या अनाम कारकुनाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याने लिहिलेले 'प्रश्न उद्भवत नाही' हे वाक्य मी पुष्कळदा वाचले आहे, आणि वाचता वाचता ते मला एका अर्थी पटूही लागले आहे. प्रश्न खरेच उद्भवत नसतात. ते जमिनीतून उगवत नाहीत, आभाळातून पडत नाहीत. भिनग्याच्या राजाला कोणीतरी दुकानदारांचे हाल सांगितले असतील, फडावरच्या एखाद्या बाईने आपले दुखणे कोणापाशी तरी बोलून दाखवले असेल, तेव्हा ते झाले. प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो.